एस्तेरमावशीचं अर्धं वाक्य

सकाळपासून लिहितेय आणि खोडतेय. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही, त्यामुळे तिची सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही. आईला सांगितलेली नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाच नाही. एका बाईला सांगितली, गेल्या महिन्यात — पण तिला ती मी सांगायच्या आधीच ठाऊक होती. मग ते सांगणं म्हणायचं का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. पण बसलेच आहे, तर सांगते.

मी रत्नागिरीत राहते आणि छोट्या फिल्म बनवते. चहा संपेपर्यंत बघून होतील एवढ्याच. आधी मी लग्नं शूट करायचे, साखरपुडे, बारशी. मग पुण्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेने काम दिलं — साधी माणसं रोजच्या जगण्यात आपला विश्वास कसा धरून ठेवतात ते दाखवायचं. या फिल्म मंडळ्यांमधून दाखवतात, मग मोबाइलवरून फिरतात. ते काम हातात आलं तेव्हा मला वाटलं, अरे, याच्यासाठीच मी कॅमेरा शिकले! एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, गाडीखाली शिरायच्या आधी बॉनेटवर हात ठेवून क्षणभर थांबणारा. पेशंटची चादर बदलताना हळू आवाजात गीत म्हणणारी नर्स. आंब्याच्या बागेच्या बांधावरून कोर्टात गेलेले आणि तरी रविवारी एकाच बाकावर बसणारे दोन भाऊ. उपदेशात न सापडलेला देव मला गाडीच्या ग्रीसमध्ये सापडायचा, चादरीत, आंब्याच्या पेट्यांत. या फिल्म खऱ्या आहेत. त्यांच्याबद्दल मी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकते.

एक सोडून.

ती एक म्हणजे एस्तेरमावशीची. माझी सगळ्यांत जास्त बघितली गेलेली. तुमच्या फोनवर मंडळीचा एखादा ग्रुप असेल तर कदाचित तुम्हीही बघितली असेल — स्वयंपाकघर, भाताची वाफ, भिंतीला टेकून बसलेली बाई, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. आठवली? लोक म्हणतात, बघताना रडू येतं.

एस्तेरमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मैत्रीण. दोघी चर्चच्या गायकवर्गात शेजारी उभ्या राहून गायच्या. मावशीचे यजमान, शमुवेलकाका, मिरकरवाड्याला बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. हाताला कायम डिझेलचा वास, आणि रविवारी त्यावर साबणाचा. मी कॉलेजात असताना एका सकाळी ते दुरुस्त केलेलं इंजिन चालतं का बघायला एका बोटीबरोबर समुद्रात गेले. वारा नव्हता, लाट नव्हती. बोट परत आली नाही. नंतर फळ्या मिळाल्या, एक कॅन मिळाला. माणसं मिळाली नाहीत.

तेव्हा आमची सगळी मंडळी जेटीवर जमून प्रार्थना करायची. मीही होते, आईचा हात धरून. सगळ्यांत मोठा आवाज मावशीचा होता. ती देवाला विनवत नव्हती, हाका मारत होती. काही दिवसांनी लोक यायचे कमी झाले, मग थांबले. शेवटी शेवटी ती एकटीच जायची म्हणे. मग तीही जायची थांबली. तिने घराच्या पडवीत कॉलेजच्या मुलींसाठी खानावळ सुरू केली. लांज्याच्या, राजापूरच्या, संगमेश्वरच्या मुली. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, मिळेल तो मासा. आणि दर रविवारी न चुकता चर्चमध्ये. यायची, खिडकीशी बसायची, उपासना संपली की उठून जायची. गायकवर्गात मात्र ती पुन्हा उभी राहिली नाही. कुणी कारण विचारलं नाही. दुःख आहे, असं सगळ्यांनी समजून घेतलं होतं.

लॉकडाउन उठल्यानंतर मी तिला विचारलं, मावशी, तुझ्यावर फिल्म करू का? ती नको म्हणाली. माझ्यात काय आहे दाखवण्यासारखं, म्हणाली. मी आईला मध्ये घातलं. आईचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

शूटिंग छान झालं. मुली लाजल्या, मग विसरून गेल्या. तो डोळे मिटलेला शॉट मला पहिल्याच दुपारी मिळाला. भात शिजत होता, मावशी भिंतीला टेकली होती आणि तिचे ओठ हलत होते. मी श्वास रोखून कॅमेरा धरला. तिने डोळे उघडल्यावर मी विचारलं, काय म्हणत होतीस? ती हसली. संध्याकाळी कुठल्या कुठल्या मुली जेवायला नाहीत त्यांची नावं आठवत होती, नाहीतर भात उरतो. मीही हसले.

हसले, आणि शॉट ठेवला. तेव्हाच मला माहीत होतं ना, तो कशासाठी ठेवतेय ते?

शेवटी मुलाखत. मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी, कारण तिथे उजेड चांगला होता. मी सगळ्यांना शेवटी विचारायचे तोच प्रश्न विचारला — कठीण काळात प्रार्थनेने तुम्हाला कसं सावरलं? प्रश्न बघा. उत्तर आधीच त्यात घालून ठेवलेलं. समोरच्याने फक्त होय म्हणायचं बाकी.

मावशीने पदराला हात पुसले. मग बोलली.

इथे मी दरवेळी थांबते. आज सकाळपासून इथेच थांबतेय. ती काय बोलली ते मला पाठ आहे, स्वरासकट.

ती म्हणाली, "लोकांना वाटतं, प्रार्थनेशिवाय मी जगूच शकले नसते. पण जगले गो. मी प्रार्थना करतच नाही, रूथ. तो गेला तेव्हापासून एकदाही नाही."

कळलं तुम्हाला, मी काय केलं ते? वाक्याच्या सुरुवातीचे दोन शब्द काढले. नंतरचं सगळं काढलं. उरलं ते — प्रार्थनेशिवाय मी जगूच शकले नसते. तिच्याच आवाजात, तिच्याच तोंडून. आणि ते वाक्य नेऊन मी त्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवलं. भाताची वाफ. खाली हळू आवाजात पेटी.

फार वेळ लागला नाही. भर दुपार होती. आई आत पोळ्या करत होती आणि तिने मला हाक मारून विचारलंही, एस्तेरचं कसं झालंय? मी म्हटलं, छान झालंय.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की संस्थेला तसंच हवं होतं. ते खोटं आहे. त्यांनी मला कधी एक वाक्य बदलायला सांगितलं नव्हतं. मी मावशीचं खरं बोलणं पाठवलं असतं तर त्यांनी ते ठेवलं असतं की नसतं, मला माहीत नाही. मी पाठवून बघितलंच नाही. मग का केलं? मी पुष्कळ विचार केला आहे. खरं कारण असं आहे की मी घाबरले. जेटीवरच्या त्या प्रार्थनेत मीही होते. तेव्हा काही झालं नाही, आणि त्यावर मी पुन्हा कधी विचार केला नव्हता. मी मोठी झाले, लोकांच्या विश्वासावर फिल्म करू लागले, लोक मला रूथताई म्हणू लागले. आणि इथे ही बाई दगडावर बसून शांतपणे सांगत होती की तिने सोडून दिलं. ती इतकी शांत कशी? तिचं हे बोलणं खरं धरलं तर माझं काय? मला ते वाक्य ऐकायचं नव्हतं. म्हणून मी ते कुणालाच ऐकू दिलं नाही.

ही सबब म्हणून सांगत नाही. घाबरलेली माणसंही खरं बोलतात, असं मीच चार फिल्ममध्ये दाखवलेलं आहे.

फिल्म लागली आणि आमच्या मंडळीत लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. चर्चमध्ये आम्ही टाळ्या वाजवत नाही. पाळकसाहेबांनी पुढे येऊन मावशीचा हात हातात घेतला. माझी आई रडत होती. मावशीने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. वाट बघितल्यासारखं काहीतरी होतं. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागले.

त्यानंतर काय झालं ते मला आधी सुचायला हवं होतं. लोक तिच्याकडे येऊ लागले. उपासना संपली की तिच्याभोवती गर्दी. माझ्या मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा. माझ्या सुनेला दिवस राहू देत म्हणून करा. मिरजेहून, कोल्हापूरहून फोन. महिला मंडळाने तिला प्रार्थना चालवायला उभं केलं. मी तिथे होते. ती उभी राहिली, दोन्ही हात समोरच्या खुर्चीवर ठेवले आणि गप्प. सगळ्यांनी माना खाली घातलेल्या, त्यांना वाटलं तिचं मन भरून आलंय. शेवटी ती एवढंच म्हणाली की आपण सगळ्या मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू. बायका म्हणू लागल्या. मी मान वर करून बघितलं. तिचे ओठ मिटलेले होते.

त्याच्यानंतर दोन-तीन रविवार ती आली. मग यायची बंद झाली.

आख्ख्या रत्नागिरीत ती एक जागा होती जिथे तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती मी घेतली. लोक माझ्याकडे चौकशी करायचे, कारण तिची फिल्म माझी होती. मी सांगायचे, गुडघे दुखतात तिचे. पुढे पुढे तर कुणी न विचारताही सांगायचे. मंडळीतल्या बायका तिच्याकडे गुडघ्यांसाठी तेलाच्या बाटल्या घेऊन जायच्या. तिने त्या घेतल्या. गुडघे दुखत नाहीत, असं ती कुणालाही म्हणाली नाही. म्हणजे माझ्या एका खोट्याचं ओझं तिच्या डोक्यावर होतंच, वर मी दुसरं ठेवलं.

आणि मी? मी तिच्या घरावरून जायचा रस्ता बदलला. मला आणखी कामं मिळाली. ही फिल्म करणारी ती, अशी माझी ओळख झाली. कुणी तरुण पोरं कॅमेरा शिकायला आली की मी त्यांना सांगायचे, माणसाचं ऐकून घ्या, हेच खरं काम. असं तोंड वर करून सांगायचे. काही वर्षं अशी गेली. तुम्हाला वाटेल रोज बोचत असेल. नाही. बरेच दिवस मी विसरून असायचे, हे जास्त वाईट.

मग दीपाली आली.

फिल्मच्या शेवटी माझा नंबर असतो. यंदा पावसाळा संपल्यावर एका मुलीचा फोन आला. बुरोंडीची, दापोलीकडची. नवरा मासेमारीला जायचा, त्यांची बोट परत आलेली नव्हती. ही ख्रिस्ती नव्हे. तिची बहीण पूर्णगडला दिलेली, तिच्या मोबाइलवर कुणाकडून तरी ती फिल्म आली होती. दीपाली बहिणीकडे राहायला आली होती आणि तिला त्या मावशींना भेटायचं होतं. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी नंबर नाही, पत्ता नाही, काहीही सांगू शकले असते. पण तिचा आवाज असा होता की मला ते जमलं नाही.

मी तिला स्टँडवरून रिक्षात घेतलं. पंचविशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हातात पिशवी, पिशवीत मावशीसाठी सुके बोंबील. रिक्षात तिने मला विचारलं, मावशी शिकवतील ना मला, देवाशी कसं बोलायचं ते? मी काय म्हणाले? मी हो म्हणाले.

मुली कॉलेजात गेल्या होत्या, पडवी रिकामी होती. इतक्या दिवसांनी बघूनही मावशीने मला नेहमीसारखं आत घेतलं. दीपालीला बसवलं आणि जेवलीस काय, एवढं विचारून पान वाढायला घेतलं. दीपाली जेवता जेवता बोलत राहिली. घरात सगळ्यांनी नवस बोललेत. सासू रोज दिवा लावून बसते. आणि हिचे हात जोडले जात नाहीत. हात जोडले की आतून काहीच येत नाही. सासू म्हणते, तू मनापासून करत नाहीस म्हणून तो मिळत नाही. तिने घास तसाच ठेवून मावशीला विचारलं, तुम्ही कसं केलंत? मला सांगा, मी तसंच करेन.

मावशी तिच्यासमोर खाली बसली.

"मला नाही येत गो," ती म्हणाली. "मी प्रार्थना करत नाही. माझा माणूस गेला तेव्हापासून नाही केली."

मला वाटलं आता ही मुलगी मोडेल. इतक्या लांबून आलेली. पण तिचा चेहरा सैल झाला. गाठ सुटावी तसा.

"म्हणजे असं चालतं?"

"चालतं की नाही ते मला माहीत नाही. मी जगले. तेवढं सांगू शकते. आणि तुझ्या हातामुळे तो हरवला नाही. तुझ्या हातात ते नव्हतं."

दीपाली रडायला लागली. तिची बहीण मला नंतर फोनवर म्हणाली की बातमी आल्यापासून ती रडलीच नव्हती. मावशीने तिला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. फक्त समोर बसून राहिली, आमटीत माशी पडू नये म्हणून वाटीवर ताटली ठेवली. बऱ्याच वेळाने दीपालीने डोळे पुसले आणि साधेपणाने विचारलं, पण फिल्ममध्ये तर तुम्ही म्हणालात की प्रार्थनेशिवाय जगू शकले नसते?

मावशीने माझ्याकडे बघितलं. तेच बघणं, पहिल्या दिवसाचं.

मला फक्त तोंड उघडायचं होतं. तिथे पाळकसाहेब नव्हते, आई नव्हती, मंडळी नव्हती. एक परकी मुलगी आणि एक म्हातारी होत चाललेली बाई. इतकी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी पाण्याचा पेला उचलला.

"बोलण्याच्या ओघात काहीतरी बोलून गेले असेन," मावशी म्हणाली. "माझीच चूक असणार."

फिल्म कापली तो एक गुन्हा. पण मला विचाराल तर माझी खरी लाज त्या पेल्यात आहे. कापलं तेव्हा मी एकटी होते, स्क्रीनसमोर. इथे ती माझ्यासमोर बसून माझं पाप आपल्या नावावर घेत होती, आणि मी पाणी पीत होते.

दीपालीला पूर्णगडच्या गाडीत बसवून मी घरी आले. पुढचे काही आठवडे मी काहीच काम करू शकले नाही. नवीन फिल्मसाठी एका शिक्षिकेची मुलाखत होती. ती बोलत होती आणि मला फक्त दिसत होतं, कुठे कापता येईल. मी कॅमेरा बंद केला. बरं वाटत नाही म्हणाले आणि गाडी वळवून सरळ मावशीकडे गेले.

ती तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढली आणि उंबऱ्यात उभ्याउभ्याच सांगितलं. तुझं वाक्य मी कापलं. तू म्हणाली नव्हतीस ते तुझ्या तोंडी घातलं. गुडघ्यांचंही मीच सांगितलं.

तिचा हात थांबला नाही.

"पहिल्या दिवशी चर्चमध्येच कळलं," ती म्हणाली. "माझाच आवाज, आणि मी न बोललेलं. घरी आल्यावर मुलींच्या फोनवर परत लावून घेतलं. म्हटलं, आपणच विसरलो की काय." मग म्हणाली, तुझी आई मला मिठी मारून म्हणाली होती की आता मलाही धीर आला. तिला मी काय सांगणार होते?

मी विचारलं, मग मला का नाही बोललीस?

"मला वाटलं, तू येशील." तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "उशीर केलास."

मी माफी मागायला लागले तर तिने हाताने थांबवलं. ते राहू दे म्हणाली. तिला दुसरंच हवं होतं. तिने विचारलं, मी बोलले ते सगळं आहे का तुझ्याकडे, की टाकून दिलंस? मी म्हटलं, आहे. मी काहीच टाकत नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. तिने चष्मा लावला आणि आम्ही दोघींनी ती मुलाखत पहिल्यापासून बघितली.

आणि इथे मला तुम्हाला एक सांगायचंय, जे मला स्वतःला त्या दिवशी कळलं. तिचं बोलणं तिथे संपत नाही. मला हवं होतं तेवढं वाक्य मिळाल्यावर मी पुढचं नीट ऐकलंच नव्हतं. एडिट करतानाही नाही. एकदाही नाही. "एकदाही नाही" म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प आहे. मागे कुठेतरी नारळ सोलल्याचा आवाज येतोय. मग ती म्हणते — पण जाते मी चर्चमध्ये. बाकीचे प्रार्थना म्हणतात ना, मी त्यांचे आवाज ऐकत बसते. तुझी आई म्हणते, पाळक म्हणतात, ती लहान पोरं मध्येच चुकतात. मला वाटतं, ते म्हणतात त्यात माझंही धरलं जात असेल. नसेल तर नसेल. पण मला तिथे बसवतं.

हे तिने सांगितलं होतं. माझ्या सगळ्या फिल्म ज्यासाठी होत्या, ते तिने त्या दगडावर बसून मला आपणहून दिलं होतं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्या घरी दर रविवारी जाऊन बसणं. याहून मोठा विश्वास मी कुठे शूट केलाय? मी तो कापून टाकला आणि त्या जागी जेवायला नसलेल्या मुलींची नावं लावली.

मावशीने चष्मा काढला.

"हे बरं बोलले गो मी," ती म्हणाली. आणि मग आम्ही दोघी हसलो. मला हसायचा काही अधिकार नव्हता, पण हसले खरी.

तिने सांगितलं, अख्खं लाव. चर्चमध्ये लाव, मोबाइलवर टाक, सगळीकडे. मी तिला म्हटलं, लोक नाही नाही ते बोलतील तुला. ती म्हणाली, बोलू देत. दीपालीसारख्या आणखी किती जणी ते अर्धं ऐकून घरात एकट्या बसल्या असतील, ते बघ आधी.

दीपाली आता मावशीला अधूनमधून फोन करते. काय बोलतात मला माहीत नाही. मागच्या आठवड्यात मावशी तिच्याकडे बुरोंडीला जाऊन आली. एसटीने, दापोलीला गाडी बदलून. सासूशी बोलली म्हणे. दोघी म्हाताऱ्या समुद्राकडे तोंड करून बराच वेळ बसल्या होत्या आणि सासूने शेवटी दीपालीला स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं. हे सांगताना मावशीचा आवाज मी लहानपणी ऐकलेला होता तसा होता. गाणाऱ्या बाईचा.

मी नवीन फिल्म तयार केली आहे. तिच्यात तिचं बोलणं जसंच्या तसं आहे, तिच्या गप्प बसण्यासकट. मिटलेल्या डोळ्यांचा शॉटही आहे, पण आता त्यावर तिचं हसणं आहे आणि ती कशाचा विचार करत होती तेही. येत्या रविवारी उपासनेनंतर मी ती दाखवणार आहे. पाळकसाहेबांना एवढंच माहीत आहे की मावशीची फिल्म पुन्हा लावायची आहे. पुण्याच्या संस्थेला त्याच दिवशी पाठवेन. मग ते मला काम देतील की नाही, ते त्यांचं. आईला रविवारच्या आधी सांगायचं आहे. हे लिहून झालं की आत जाऊन सांगणार आहे. ती भाजी चिरतेय, सुरीचा आवाज इथपर्यंत येतोय.

मावशी म्हणाली, मी येईन. फक्त पाळकांना सांग, मला प्रार्थना करायला उठवू नका. दीपाली आणि तिची बहीणही यायचं म्हणतायत. दीपालीला अजून माहीत नाही की मावशी त्या दिवशी तिच्याशी खोटं बोलली, आणि ते माझ्यासाठी बोलली. ते मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे, ती तिथे बसलेली असताना.

फिल्म लावायच्या आधी काय बोलायचं ते मी ठरवलं आहे. मोठं भाषण नाही. एस्तेरमावशीने ते वाक्य तसं म्हटलं नव्हतं. मी ते कापलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कापताना मला कळत होतं.